ठिपका कोणता, स्फटिक कोणता?

पॉलिस्टायरीन आणि पॉलिकॅप्रोलॅक्टोन (पीसीएल) ही दोन प्लास्टिकं एकमेकांत मिसळत नाहीत. म्हणून दोघांच्या पातळ थरात सूक्ष्मदर्शकाखाली दोन गोष्टी एकदम दिसतात: एकमेकांपासून वेगळे झालेले ठिपके आणि पीसीएलचे स्फटिक. मी सुरुवातीला दोन्हींत गल्लत करायचे.

दोन्ही निम्मे-निम्मे घेऊन टोल्युइनमध्ये ४ टक्के द्रावण करा, गाळा, सिलिकॉनच्या तुकड्यावर टाकून तो २००० आरपीएमला (मिनिटाला २००० फेरे) ३० सेकंद फिरवा, म्हणजे पातळ थर पसरतो. क्लोरोफॉर्म नको. ते झटकन उडतं, थर गार पडतो आणि पुण्याच्या जुलैत हवेतलं पाणी त्यावर बसून खड्डे पाडतं. माझा एक आख्खा आठवडा त्या खड्ड्यांना 'फेज' (म्हणजे वेगळं झालेलं प्लास्टिक) समजण्यात गेला! थर रात्रभर व्हॅक्यूममध्ये ठेवा. उरलेलं टोल्युइन पॉलिस्टायरीनला मऊ करतं.

आता खरी परीक्षा. हॉट स्टेज (सूक्ष्मदर्शकाखाली नमुना तापवणारा मंच) ८० अंश सेल्सिअसवर न्या. पीसीएल ६० अंशांच्या आसपास वितळतं, पॉलिस्टायरीन साधारण १०० अंशांपर्यंत कडकच राहतं. एकमेकांशी काटकोनात ठेवलेल्या दोन पोलरायझरमधून (प्रकाश एकाच दिशेत कंप पावू देणाऱ्या गाळण्यांमधून) बघताना चमकणारं जे विझलं, ते स्फटिक. साध्या प्रकाशात जे तसंच राहिलं, ते ठिपके. मग ४५ अंशांवर आणा आणि चहा न घेता बघत बसा: स्फटिक वाढताना ठिपक्यांना वळसा घालतात.

थर फार पातळ असेल तर चमक जेमतेम दिसते, तेव्हा एएफएम (बारीक टोकाने पृष्ठभाग चाचपणारा सूक्ष्मदर्शक) गाठा.