अडलेला प्रश्न सोडवताना सवयीच्या रीतीतून बाहेर कसे पडावे?

प्रश्न सुटत नसला की आपण बहुधा तीच रीत अधिक नेटाने रेटतो. तपासायला हवी असते ती आपण मनात केलेली प्रश्नाची मांडणी.

आधी हे स्वतः करून पाहा. 21, 127 आणि 3 माप पाणी मावेल अशी तीन भांडी आहेत आणि 100 माप पाणी हवे आहे. मधले भांडे भरून त्यातून पहिले एकदा व तिसरे दोनदा भरून काढले की 100 उरते. मानसशास्त्रज्ञ अब्राहम लूचिन्स यांनी 1942 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत याच रीतीची उदाहरणे ओळीने सोडवून घेतली आणि मग 23, 49 व 3 या भांड्यांतून 20 माप मागितले. बहुतेकांनी तीच लांबची रीत वापरली. 23 मधून 3 काढले की काम होते, हे त्यांच्या ध्यानातच आले नाही. पुढे 28, 76 व 3 मधून 25 मागितले, तेव्हा जुनी रीत लागूच पडत नव्हती आणि कित्येक जण अडून बसले. ही बुद्धीची उणीव नव्हे. नुकत्याच आलेल्या यशानेच सोपी वाट बुजवलेली असते.

म्हणून पहिली पायरी अशी, की हाताशी काय आहे आणि काय हवे आहे एवढेच कागदावर लिहावे. रीत लिहू नये.

दुसरी पायरी : ‘आधीची उदाहरणे पाहिलीच नसती, तर सुरुवात कोठून केली असती?’ असे स्वतःला विचारावे. लूचिन्स यांनी काहींना ‘आंधळे होऊ नका’ असे कागदावर लिहायला लावले होते. त्याचा काहींना उपयोग झाला, सर्वांना नाही. नुसत्या ताकिदीपेक्षा नेमका प्रश्न अधिक कामाचा, असे मला वाटते.

तिसरी पायरी वस्तूंची. मानसशास्त्रज्ञ कार्ल डुंकर यांच्या प्रसिद्ध कोड्यात मेणबत्ती उभ्या पृष्ठभागावर बसवायची असते. टाचण्यांचे खोके रिकामे करून तेच टाचणीने ठोकले की मेणबत्तीला बैठक मिळते. पण खोके भरलेले दिसले की ते केवळ टाचण्या ठेवण्याचे साधन वाटते. तेव्हा प्रत्येक वस्तूचे नाव व नेहमीचा उपयोग बाजूला ठेवून तिचा आकार, वजन आणि ती कशाची बनली आहे, हे लिहावे.

एवढे करूनही अडल्यास काम काही वेळ बाजूला ठेवावे, आणि परतल्यावर जुनी आकडेमोड न उघडता मूळ प्रश्न पुन्हा वाचावा.