पाहुणे आले की मागल्या दारी पळणाऱ्यांसाठी, आणि त्यांच्या घरच्यांसाठी पण

माझा मावसभाऊ राजापूरकडचा. पखवाज असा वाजवतो की ऐकत बसावं, पण माडीवर, दार लावून. गणपतीत आरत्यांना वाडीतली माणसं आली की हा मागल्या दारी लाकडं फोडायला. सगळे म्हणायचे शिष्ट आहे, माणूसघाणा आहे. एकदा रात्री खळ्यात बसलेलो तेव्हा म्हणाला, "दादा, मला पण यायचं असतं रे, पण एक थाप चुकली तर वर्षभर तेच काढतील."

अव्हॉइडंट पर्सनॅलिटी डिसऑर्डरमध्ये असंच होतं, माणसं हवी असतात पण हसतील, नको म्हणतील ही भीती एवढी मोठी की माणूस आधीच बाजूला होतो. डॉक्टर 7 लक्षणं बघतात, त्यातली कमीत कमी 4 तरुणपणापासून आणि सगळीकडेच दिसायला हवीत. म्हणजे चार माणसांत वावरायला लागेल असं काम टाळणं, आपण आवडतो याची खात्री असल्याशिवाय मैत्री न करणं, जवळच्यांशी पण हातचं राखून बोलणं, स्वतःला कायम कमी समजणं वगैरे. सोशल अँग्झायटीशी, म्हणजे लोकांसमोर जायच्या भीतीच्या आजाराशी, बरंच जुळतं त्यामुळे गूगल करून स्वतःच शिक्का मारू नका.

गोची अशी की मदत मागणं हेच टाळलं जातं. म्हणून आधी फोन, टेली मानस 14416, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं आणि तोंड दाखवायला लागत नाही. मग जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कधी असते ते विचारा, किंवा रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय, लोक काय वाट्टेल ते म्हणोत. गावात कळेल ही भीती असेल तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवणं त्यांना बंधनकारक आहे.

तिथे बोलता येणार नाही असं वाटतं ना, मग आदल्या रात्री कागदावर तीन-चार प्रसंग लिहा आणि सरळ डॉक्टरांच्या हातात द्या. भावाने तेच केलं, घडी घालून घालून कागद फाटायला आलेला.

या विकारावर अशी खास गोळी नाही, सोबत डिप्रेशन किंवा अँग्झायटी असेल तर त्याची देतात. मुख्य काम थेरपीचं, म्हणजे तज्ज्ञाशी बोलून होणाऱ्या उपचारांचं, आणि ते महिनोनमहिने चालतं. छोट्या पायऱ्या करतात. त्याला पहिल्यांदा फक्त माडीची खिडकी उघडी ठेवून वाजवायला सांगितलेलं, मग एकट्या माझ्यासमोर.

घरच्यांनी चारचौघांत "ये रे, लाजतोस काय" अजिबात करू नका. देवाला कौल लावायचा तर लावा पण डॉक्टरची तारीख चुकवू नका. आणि जीव द्यायचे विचार येत असतील तर तारखेची वाट न बघता लगेच 14416 किंवा जवळचं हॉस्पिटल.

गेल्या गणपतीत शेवटच्या आरतीला तो माजघराच्या दारापर्यंत आला, हातात टाळ, वाजवले नाहीत. मी मुद्दाम तिकडे बघितलं नाही.