एअर सस्पेन्शनच्या गाडीचे चाक बदलताना

मुंबई–गोवा महामार्गावर कशेडी किंवा परशुराम घाटाच्या परिसरात चाक पंक्चर झाले, तर एअर सस्पेन्शनच्या गाडीला थेट जॅक लावू नये. ही यंत्रणा सेन्सरने गाडीची उंची मोजून स्प्रिंगऐवजी गाडीचा भार पेलणाऱ्या हवेच्या पिशव्यांतील दाब आपोआप कमी-जास्त करते; जॅकने एक कोपरा उचलला की तो प्रमाणाबाहेर उंच झाल्याचे समजून ती तिथली हवा सोडून देऊ शकते, आणि मग गाडी खाली उतरवताना मडगार्ड टायरवर येऊन टेकते. म्हणून आधी गाडीच्या पडद्यावरील मेनूतील ‘जॅक मोड’, म्हणजे उंचीचे हे आपोआप सावरणे थांबवणारा पर्याय, सुरू करावा. काही जुन्या गाड्यांत यासाठी डिकीत वेगळा स्विच असतो. नेमकी पद्धत गाडीच्या पुस्तिकेत पाहावी. इंजिन बंद आहे एवढ्यावर विसंबू नये, कारण काही गाड्या त्यानंतरही पातळी सावरत राहतात.

पावसाळ्यात आपल्याकडची तांबडी माती इतकी भुसभुशीत होते की जॅक बघता बघता आत रुततो. त्याखाली जाड फळी घालावी. जांभ्याचा चिरा चाक घरंगळू नये म्हणून लावायच्या उटीला उत्तम, पण जॅकखाली तो मुळीच घेऊ नये, कारण सच्छिद्र दगड एका टोकावरच्या भाराने फुटतो. नट गाडी उचलण्यापूर्वीच थोडे सैल करावेत, आणि गाडीखाली हात किंवा डोके घालू नये. चाक बसवून गाडी जमिनीवर आल्यावर नट आवळावेत, जॅक काढावा, जॅक मोड बंद करावा आणि इंजिन चालू करून गाडी नेहमीच्या उंचीवर येईपर्यंत थांबावे.