निक्स आणि होम मॅनेजरने निओव्हिमची मांडणी: यादीत काय लिहावे, मोकळे काय ठेवावे

पुण्यात सॉफ्टवेअरचे काम करणाऱ्या अनेकांकडे दोन संगणक असतात: हिंजवडी किंवा खराडीच्या कार्यालयाने दिलेला मॅक आणि कोथरूड-वारज्याकडच्या घरात ठेवलेला लिनक्सचा डेस्कटॉप. एडिटर दोन्हीकडे एकच असतो, पण प्लगइनच्या आवृत्त्या जुळत नाहीत, एकीकडे लँग्वेज सर्व्हर असतो तर दुसरीकडे नसतो, आणि नोकरी बदलून लॅपटॉप परत गेला की हळूहळू जमवलेली सगळी घडी त्याच्याबरोबर जाते. निक्स हा पॅकेज मॅनेजर आणि त्यावर चालणारा, आपल्या खात्यातील प्रोग्राम आणि त्यांच्या सेटिंग सांभाळणारा होम मॅनेजर यांच्या मदतीने निओव्हिम, त्याचे प्लगइन आणि त्याला लागणारी बाहेरची साधने एकाच लिखित वर्णनातून दोन्ही संगणकांवर कशी उभी करावीत, हे येथे सांगितले आहे. वाचकाला टर्मिनल, गिट आणि निओव्हिमचा सराव आहे असे गृहीत धरले आहे. निक्सची ओळख नसली तरी चालेल.

लेखात पर्यायांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ती रोमन लिपीतच टाइप करावीत, आणि 'डिफॉल्टएडिटर' यांसारख्या जोडनावांत दुसऱ्या शब्दापासून पुढच्या प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठ्या लिपीत लिहावे.

निक्सची सुरुवात 2003 साली नेदरलँड्समधील उट्रेख्ट विद्यापीठात एल्को डोल्स्ट्रा यांच्या संशोधनातून झाली. त्यांचा याच विषयावरील पीएचडीचा प्रबंध 2006 चा आहे. मूळ कल्पना अशी की, प्रत्येक पॅकेज '/निक्स/स्टोअर' या फोल्डरमध्ये स्वतंत्र जागी राहते आणि त्या जागेच्या नावात एक हॅश असतो. तो हॅश पॅकेज ज्या ज्या गोष्टींपासून तयार झाले त्या सगळ्यांवरून काढलेला असल्यामुळे एकाच प्लगइनच्या दोन आवृत्त्या शेजारी शेजारी नांदू शकतात. स्टोअरमधील फाइल केवळ वाचता येतात, बदलता येत नाहीत. पुढे येणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ या एका नियमात आहे, म्हणून तो पक्का लक्षात ठेवावा.

आधीची तयारी

निक्स बसवताना '/निक्स' हे फोल्डर मुळाशीच तयार व्हावे लागते, कारण अधिकृत साठ्यातून उतरवलेल्या तयार पॅकेजांमध्ये हाच पूर्ण मार्ग कोरलेला असतो. त्यासाठी एकदा तरी ॲडमिन अधिकार लागतात. कार्यालयाच्या लॅपटॉपवर तशी परवानगी आयटी विभागाकडून आधीच घ्यावी. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत जेथे असे अधिकार मिळणार नाहीत, तेथे हा खटाटोप करू नये. मॅकवर मुळाचे फोल्डर 2019 च्या कॅटालिना आवृत्तीपासून केवळ वाचण्यापुरते असते, त्यामुळे इन्स्टॉलर '/निक्स'साठी वेगळा व्हॉल्यूम तयार करतो. डिस्क युटिलिटीत तो दिसल्यास गोंधळून जाऊ नये आणि पुसूही नये. विंडोजवर निक्स थेट चालत नाही, डब्ल्यूएसएल या विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याच्या सोयीत चालतो.

अधिकृत इन्स्टॉलरने निक्स बसवल्यास 'निक्स-कमांड' (नव्या पद्धतीच्या कमांड) आणि 'फ्लेक्स' (सामग्री कोठून घ्यायची ते 'फ्लेक' या वर्णनात नोंदवण्याची पद्धत) या दोन सुविधा निक्सच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये आपणच सुरू कराव्या लागतात. त्यानंतर 'निक्स रन'द्वारे होम मॅनेजरची 'इनिट' कमांड दिली की आपल्या 'डॉट कॉन्फिग'मध्ये 'होम-मॅनेजर' नावाचे फोल्डर तयार होते आणि त्यात दोन फाइल मिळतात. 'फ्लेक.निक्स'मध्ये सामग्री कोठून घ्यायची ते असते, 'होम.निक्स'मध्ये काय हवे ते असते. निक्सपॅकेजेस या निक्सच्या अधिकृत पॅकेजसंग्रहाच्या स्थिर आवृत्त्या वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबरमध्ये येतात. निक्सपॅकेजेसची जी शाखा निवडली असेल तीच होम मॅनेजरचीही निवडावी. एकाची स्थिर आणि दुसऱ्याची अद्ययावत अशी सरमिसळ केल्यास पर्यायांची नावे जुळत नाहीत. 'होम.निक्स'मधील 'स्टेटव्हर्जन' हा आकडा मात्र आवृत्ती वाढवताना बदलायचा नसतो. तो पहिल्यांदा कोणत्या आवृत्तीपासून सुरुवात केली एवढेच सांगतो, आणि त्यावरून काही मूळ वर्तन ठरते.

हे फोल्डर लगेच गिटखाली आणावे. त्यातून येणारी एक अडचण नवख्याला हमखास छळते: फ्लेक गिटच्या रेपोत असेल तर निक्सला फक्त गिटला माहीत असलेल्याच फाइल दिसतात. नवी लुआ फाइल तयार केली, तिचा उल्लेखही बरोबर केला, आणि तरी ती फाइल नाहीच अशी तक्रार आली, तर मार्गातील चूक शोधत बसण्याआधी 'गिट ॲड' करावे. कमिट करण्याची गरज नसते.

एडिटर, प्लगइन आणि साधने

'होम.निक्स'मध्ये 'प्रोग्राम्स.निओव्हिम.एनेबल' खरे केले की एडिटर मिळतो. 'व्हीआयअलियास' आणि 'व्हिमअलियास' खरे केल्यास जुन्या सवयीच्या कमांडही निओव्हिमच उघडतात. 'डिफॉल्टएडिटर' हा पर्याय एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठरवतो. परंतु आपली शेलही होम मॅनेजर सांभाळत असेल, किंवा त्याने तयार केलेली व्हेरिएबलची फाइल शेल सुरू होताना वाचली जात असेल, तरच त्याचा परिणाम दिसतो. गिटचा कमिट संदेश अजूनही नॅनोमध्येच उघडत असल्यास कारण बहुधा हेच असते.

प्लगइनची यादी 'प्लगइन्स' या पर्यायात द्यावी. निक्सपॅकेजेसमध्ये 'व्हिमप्लगइन्स' या संचात शेकडो प्लगइन तयार आहेत. मूळ नावात टिंब असेल तर त्या जागी येथे आडवी रेघ असते, म्हणून टेलिस्कोप या शोधाच्या प्लगइनच्या नावातील टिंब रेघेने बदलून लिहावे. एखाद्या प्लगइनची जुळवणी त्याच्या नोंदीतच लिहायची असल्यास 'टाइप' लुआ आहे असे स्पष्ट नोंदवावे, नाहीतर तो मजकूर व्हिमस्क्रिप्ट समजून वाचला जाऊ शकतो.

निक्सचा खरा फायदा ज्या प्लगइनांना काही कंपाइल करावे लागते त्यांच्या बाबतीत दिसतो. कोडची रचना ओळखणाऱ्या ट्रीसिटरची प्रत्येक भाषेसाठीची व्याकरणे एरवी प्रत्येक संगणकावर सी कंपायलरने तयार करावी लागतात, आणि नव्या लॅपटॉपवर कंपायलरच नसला की तेथेच गाडी अडते. येथे ट्रीसिटरच्या नोंदीला 'विथऑलग्रामर्स' जोडले की सर्व भाषांची व्याकरणे तयार स्वरूपात येतात. जागा वाचवायची असल्यास 'विथप्लगइन्स' वापरून हव्या तेवढ्याच भाषा नमूद कराव्यात. जुन्या लुआ फाइलमध्ये व्याकरणे आपोआप उतरवण्याची सूचना असेल तर ती काढून टाकावी.

लँग्वेज सर्व्हर, फॉरमॅटर, टेलिस्कोपला लागणारे रिपग्रेप आणि एफडी ही सारी साधने 'एक्स्ट्रापॅकेजेस'मध्ये लिहावीत. ती संपूर्ण संगणकाला दिसत नाहीत, फक्त निओव्हिमला दिसतात, आणि निओव्हिमच्याही शोधमार्गात ती शेवटी जोडली जातात. हा क्रम फार सोयीचा आहे: एखाद्या प्रकल्पाने स्वतःच्या वातावरणात रस्ट-ॲनालायझरची ठरावीक आवृत्ती दिली असेल आणि निओव्हिम त्या वातावरणातून उघडला असेल, तर प्रकल्पाची आवृत्ती पुढे राहते आणि आपली केवळ राखीव म्हणून उरते.

मेसन हा सर्व्हर उतरवून देणारा प्लगइन यानंतर लागत नाही. निक्सओएस या निक्सवर आधारलेल्या लिनक्सवर तर त्याने उतरवलेल्या अनेक बायनरी चालतच नाहीत, कारण इतर लिनक्सवर ठरलेल्या जागी सापडणारा डायनॅमिक लिंकर तेथे त्या जागी नसतो. लेझी हा लोकप्रिय प्लगइन मॅनेजरही निक्सच्या यादीबरोबर एकत्र चालवू नये. तो सुरू होताना निओव्हिमचा पॅकेजमार्ग मूळ पदावर आणतो, त्यामुळे निक्सने दिलेले प्लगइन दिसेनासे होतात. शिवाय त्याला आपली लॉक फाइल कॉन्फिगरेशनच्या फोल्डरमध्ये लिहायची असते, आणि ते फोल्डर स्टोअरमधून आलेले असल्यास तेथे लिहिता येत नाही. दोघांना एकत्र नांदवण्याच्या युक्त्या आहेत, पण सुरुवातीला एकच मालक ठेवावा हे उत्तम.

यादीत नसलेला प्लगइन

एखादा नवा प्लगइन निक्सपॅकेजेसमध्ये नसेल, तर 'व्हिमयुटिल्स'मधील 'बिल्डव्हिमप्लगइन' वापरून तो स्वतः तयार करता येतो. त्यात नाव, गिटहबवरील मालक आणि रेपो, कमिटचा क्रमांक आणि मजकुराचा हॅश द्यावा लागतो. हॅश आधी ठाऊक नसतो, म्हणून त्या जागी 'लिब.फेकहॅश' लिहून बिल्ड चालवावे. बिल्ड अपेक्षेप्रमाणे फसते आणि शेवटी दोन ओळी दिसतात: एकीत आपण दिलेला खोटा हॅश, दुसरीत प्रत्यक्षात मिळालेला. दुसऱ्या ओळीतील हॅश उचलून फाइलमध्ये ठेवला की काम झाले. प्लगइन दुसऱ्या प्लगइनवर अवलंबून असेल तर तो 'डिपेन्डन्सीज'मध्ये नमूद करावा.

पुढे हा प्लगइन अद्ययावत करताना कमिट क्रमांकाबरोबर हॅशही पुन्हा खोटा करावा. केवळ क्रमांक बदलून जुना हॅश तसाच ठेवला, तर त्या हॅशचा मजकूर स्टोअरमध्ये आहेच असे पाहून निक्स तोच वापरतो आणि काही उतरवतच नाही. चूक दाखवली जात नाही, बिल्ड यशस्वी होते, आणि एडिटरमध्ये मात्र जुनाच प्लगइन राहतो.

लुआच्या फाइल कोठे ठेवाव्यात

निक्सच्या भाषेतच सगळी कळसंयोजने आणि रंगसंगती लिहिण्याचा मोह होतो, आणि निक्सव्हिमसारखे प्रकल्प तशी सोयही देतात. माझ्या मते सुरुवातीला ते टाळावे. प्लगइन, व्याकरणे आणि सर्व्हर यांच्या आवृत्त्या महिनोन्महिने स्थिर राहाव्यात अशी आपली इच्छा असते. कळसंयोजन मात्र दिवसातून चार वेळा बदलावेसे वाटते, आणि प्रत्येक वेळी 'होम-मॅनेजर स्विच' ही बदल लागू करणारी कमांड चालवून थांबावे लागले तर पंधरा दिवसांत या पद्धतीचा कंटाळा येतो. शिवाय प्लगइनांची माहितीपत्रे लुआत लिहिलेली असतात, त्यामुळे त्यांतील उदाहरणे लुआच्या फाइलमध्ये जशीच्या तशी वापरता येतात.

म्हणून लुआच्या फाइल त्याच रेपोत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवाव्यात आणि होम मॅनेजरच्या 'एमकेआउटऑफस्टोअरसिमलिंक' या सोयीने त्या जोडाव्यात. ही सोय फाइलची स्टोअरमधील प्रत वापरण्याऐवजी तिच्या मूळ जागेकडे दुवा करते, त्यामुळे फाइल जतन करून निओव्हिम पुन्हा उघडला की बदल दिसतो. येथे दोन पथ्ये पाळावीत. मार्ग अवतरणचिन्हांत आणि मुळापासून पूर्ण द्यावा. टिंबाने सुरू होणारा सापेक्ष मार्ग दिल्यास फ्लेकमध्ये तो स्टोअरमधील प्रतीकडेच वळतो आणि सोयीचा हेतूच फसतो. दुसरे, निओव्हिमचे संपूर्ण कॉन्फिगरेशन फोल्डर न जोडता त्यातील 'लुआ' हे उपफोल्डरच जोडावे, कारण 'इनिट.लुआ' ही फाइल होम मॅनेजर स्वतः तयार करतो आणि दोघांची टक्कर होते. त्या 'इनिट.लुआ'मध्ये आपले मुख्य मॉड्यूल 'रिक्वायर' करणारी एकच ओळ पर्यायातून घातली की पुरते.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्लगइनांना लागणाऱ्या गुप्त किल्ल्या निक्सच्या फाइलमध्ये कधीही लिहू नयेत. स्टोअर त्या संगणकावरील प्रत्येक वापरकर्त्याला वाचता येते.

लागू करणे, मागे जाणे, सफाई

पहिल्यांदा 'स्विच' करताना जुनी 'इनिट.लुआ' आधीच असल्यास होम मॅनेजर ती पुसून टाकत नाही, तर काम थांबवतो. अशा वेळी 'बी' हा पर्याय देऊन पुढे एखादा प्रत्यय लिहावा, म्हणजे जुनी फाइल त्या प्रत्ययासह बाजूला ठेवली जाते.

पावसाळ्यात उतरवणे किंवा बिल्ड चालू असतानाच लाइट गेली तरी घाबरण्याचे कारण नाही. तोवर चालू मांडणीला हात लागलेला नसतो, आणि जी पॅकेजे पूर्ण उतरली ती स्टोअरमध्ये शिल्लक असतात. वीज आल्यावर तीच कमांड पुन्हा द्यावी.

मॅक आणि लिनक्स या दोन्ही संगणकांसाठी 'फ्लेक.निक्स'मध्ये दोन स्वतंत्र नोंदी कराव्यात. प्रणालीचे नाव, वापरकर्त्याचे नाव आणि घराच्या फोल्डरचा मार्ग एवढेच त्यांत वेगळे असते. एडिटरचे वर्णन वेगळ्या फाइलमध्ये काढून दोघांकडून तीच वाचून घ्यावी.

आवृत्त्या 'फ्लेक.लॉक'मध्ये गोठलेल्या असतात आणि 'निक्स फ्लेक अपडेट' केल्याशिवाय हलत नाहीत. सोमवारी सकाळी स्टँडअपच्या आधी हे काम काढू नये, सवडीच्या वेळी काढावे, आणि सारे ठीक चालल्यावरच लॉक फाइल कमिट करावी, म्हणजे दुसऱ्या संगणकावर 'गिट पुल' आणि 'स्विच' केल्यावर त्याच आवृत्त्या मिळतात. काही बिघडल्यास 'होम-मॅनेजर जनरेशन्स'ने जुन्या पिढ्यांची, म्हणजे आधीच्या 'स्विच'मधून जपलेल्या मांडण्यांची, यादी पाहावी आणि हव्या त्या पिढीच्या फोल्डरमधील 'ॲक्टिव्हेट' चालवावे. प्लगइन, सर्व्हर आणि एडिटर लगेच जुन्या आवृत्तीवर जातात. वर सांगितल्याप्रमाणे मोकळ्या ठेवलेल्या लुआच्या फाइल मात्र पिढीबरोबर मागे जात नाहीत. त्या गिटनेच मागे न्याव्या लागतात.

जुन्या पिढ्या जागा अडवतात. 'निक्स-कलेक्ट-गार्बेज'ला 'डी' हा पर्याय दिल्यास त्या पुसल्या जातात आणि त्यांच्यासोबत मागे जाण्याची वाटही बंद होते, म्हणून 'डिलीट-ओल्डर-दॅन' वापरून महिनाभराच्या पिढ्या राखाव्यात.