इस्ट्रोजेनची गोळी बदलली की ग्रोथ हॉर्मोनचा डोसही तपासून घ्या

दुसऱ्या बाळंतपणात माझ्या अंगावरून खूप रक्त गेलं. मग दूध आलं नाही, पाळीही परतली नाही. निदान व्हायला नऊ वर्षं गेली: शीहान सिंड्रोम. रक्त न मिळाल्यानं पिट्युटरी, म्हणजे मेंदूखालची, इतर ग्रंथींना चालवणारी ग्रंथी निकामी झाली होती. तेव्हापासून कॉर्टिसोल या हॉर्मोनच्या जागी हायड्रोकॉर्टिसोन, थायरॉइडची गोळी, पाळीच्या म्हणजे इस्ट्रोजेनच्या गोळ्या आणि रात्री झोपताना ग्रोथ हॉर्मोनचं इंजेक्शन.

गेल्या वर्षी इस्ट्रोजेनच्या गोळीऐवजी मला जेल मिळालं. इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांना ते कुणीच कळवलं नाही, मीही नाही. चवथीला नेवऱ्यांना मुरड घालताना बोटं आखडू लागली. काकणं मनगटात रुतली. रात्री हाताला मुंग्या येऊन जाग यायची. रक्त तपासलं, तर आयजीएफ-१ (ग्रोथ हॉर्मोनचा असर दाखवणारा आकडा) बराच वर गेलेला.

कारण असं. ग्रोथ हॉर्मोनचं बरंचसं काम यकृतात तयार होणारं आयजीएफ-१ करतं. गिळलेलं इस्ट्रोजेन आतड्यातून आधी यकृतातच पोचतं आणि तिथं ग्रोथ हॉर्मोनचा असर कमी करतं. म्हणून गोळी घेणाऱ्या बाईला इंजेक्शन जास्त लागतं. जेल किंवा पॅच कातडीतून थेट रक्तात जातो, यकृताला तो मारा बसत नाही. माझी गोळी सुटली, डोस तेवढाच राहिला आणि तो मला जड झाला.

तेव्हा गोळीवरून जेलवर जाताना इंजेक्शनच्या डॉक्टरांना आधी विचारा; डोस बहुधा कमी करावा लागतो. उलट, गोळी सुरू झाली तर वाढवावा लागू शकतो. गर्भनिरोधक गोळीही यातच धरा, ती सांगायला बायका हमखास विसरतात. डोस स्वतः मात्र बदलू नका. बदलानंतर महिना-दीड महिन्यानं आयजीएफ-१ तपासा, तेही त्याच लॅबमध्ये, कारण लॅब बदलली की आकडे जुळत नाहीत.

थायरॉइडचंही विचारा. इस्ट्रोजेनच्या गोळीनं थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइडच्या गोळीची गरज वाढू शकते, आणि पिट्युटरीच्या आजारात टीएसएचवर (थायरॉइडला चालना देणारं पिट्युटरीचंच हॉर्मोन) विसंबता येत नाही, फ्री टी-४ (रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन) बघावं लागतं. कॉर्टिसोलची तपासणी असेल तर इस्ट्रोजेनची गोळी घेत असल्याचं आधी सांगा, नाहीतर आकडा खोटाच वर दिसतो.

अॅक्रोमेगाली म्हणजे ग्रोथ हॉर्मोन जास्त होण्याचा आजार. त्यात हीच गोळी आयजीएफ-१ खाली आणते. ती अचानक सोडली तर तो पुन्हा चढू शकतो, म्हणून त्या बायांनीही आधी विचारावं.

आपल्याकडे पावसात आंघोळीनंतरही अंग ओलसर राहतं. मी पंख्याखाली दंड नीट सुकवून मगच जेल लावते, हात धुते, आणि ते वाळेपर्यंत मुलाला जवळ घेत नाही. वहीत औषधाच्या नावापुढे 'गोळी' की 'जेल' हे तारखेसकट लिहिते. बांबोळीच्या इस्पितळात जाताना ती वही फाइलच्या सगळ्यात वर असते.