डिकीत पाणी येतं कुठून?

गावाहून येताना डिकीत वीस किलो तांदळाची गोणी टाकली होती. घरी येऊन उतरवायला गेले तर गोणीचा तळ ओला. कार्पेट उचललं, त्याखालचा पुठ्ठा उचलला. स्टेपनी अर्धी पाण्यात बसलेली, जॅकवर गंजाची साय आणि चार महिने कोंडलेल्या ओल्या गोणपाटासारखा वास. तांदूळ ओटीवर पसरून वाळवले, पण त्यांचा वास काही गेला नाही.

गाडी बाबांची, 1999 साली घेतलेली, मागे वेगळी डिकी असलेली. बाबा गेले तेव्हा ती माझ्याकडे आली. आम्ही सावंतवाडीला राहतो. इथे जूनपासून गणपतीपर्यंत गाडी सुकायला सवड मिळत नाही, त्यामुळे डिकीत पाणी शिरतं म्हणजे पत्रा सडायला लागला असंच समजायचं. ही गाडी मला सडू द्यायची नव्हती.

पहिली चूक सांगते. एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. त्यांनी न तपासताच डिकीच्या रबराभोवती सिलिकॉन, म्हणजे नळीतून येणारा फटी बुजवायचा लगदा, फिरवून दिलं. पुढच्याच पावसात तेवढंच पाणी. वर त्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबूस वास होता. असं आंबूस वासाचं सिलिकॉन सुकताना त्यातून ॲसिड सुटतं आणि उघड्या पत्र्याला गंज चढवतं. शिवाय त्यावर पुढे रंगही धरत नाही. ते सगळं खरवडून काढायला मला दोन रविवार गेले. म्हणून सांगते, पाणी कुठून येतं ते डोळ्यांनी दिसेपर्यंत गाडीला काहीही चोपडू नका. पाणी साचतं स्टेपनीच्या खळग्यात, कारण तो सगळ्यात खोल. शिरतं मात्र हात-दोन हात वरून, आणि पत्र्याच्या जोडावरून, वायरवरून सरपटत खाली येतं.

सुरुवात डिकी रिकामी करण्यापासून. स्टेपनी, जॅक, पाने, कार्पेट, पुठ्ठा, बाजूची अस्तरंसुद्धा काढा. अस्तरांची प्लॅस्टिकची बटणं जुन्या गाडीत कडक होऊन तुटतात. दहा-बारा नवी आधीच आणून ठेवा, महाग नसतात. डिकीत सीएनजीची टाकी असेल तर तिला आणि तिच्या नळ्यांना हात लावू नका, ते काम किट बसवणाऱ्याचं. पण टाकीच्या पट्ट्यांचे बोल्ट आणि हवा जाण्याच्या नळ्या जिथून खाली जातात, तिथे नंतर पाडलेली भोकं असतात. ती नीट बघा. पार्किंग सेन्सरच्या, कॅमेऱ्याच्या वायरींसाठी पाडलेल्या भोकांचंही तेच.

खळग्याच्या तळाशी रबरी बूच असतं. ते काढून पाणी जाऊ द्या, फडक्याने पुसा आणि बूच परत लावा. काही जण ते कायमचं काढून टाकतात. पाणी येईल तसं निघून जातं, पण चाकाने उडालेला चिखल आणि सायलेन्सरचा धूरही त्याच भोकातून आत येतो. हा इलाज करू नका.

आता टॉर्च घेऊन वाकून बघा. पाण्याने खुणा ठेवलेल्याच असतात: धुळीतले ओघळ, चहाच्या डागासारख्या तपकिरी रेघा, एखाद्या जोडावरचा फुगलेला रंग. ओघळ खालून वर वाचत जायचा. मी शाळेत शिकवते, खडूंची मला कमतरता नाही. निळा खडू किसून त्याची पूड मऊ ब्रशने सगळ्या जोडांवर, टेललाइटच्या मागच्या पत्र्यावर आणि काचेखालच्या पट्टीवर लावली. कोरड्या पुडीवरून एक थेंब जरी गेला तरी मागे गडद रेघ राहते. या कामात मला सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू हीच.

मग पाणी मारायचं. यासाठी दोन माणसं लागतात. माझ्या गाडीत मागच्या सीटची पाठ दोन बोल्टवर आहे. ती काढली की आत शिरता येतं. मी टॉर्च घेऊन आत, आई बाहेर पाइप घेऊन. मोठ्या माणसानेच आत बसावं आणि मागचे दरवाजे उघडे ठेवावेत. लहान मुलाला डिकीत बसवून झाकण लावू नये, दोन मिनिटंसुद्धा नाही. सीटमागे पत्र्याची भिंत असेल तर खडूची पूड लावून, खळग्यात वर्तमानपत्र पसरून झाकण लावा आणि प्रत्येक फेरीनंतर उघडून बघा. मात्र उघडताना झाकणावरचं पाणी आत सांडतं, म्हणून आधी वरून पुसून घ्या.

पाण्याला जोर नको, पाऊस पडतो तेवढंच. खालून सुरू करून वर जायचं. आधीच वरून पाणी सोडलं तर ते सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. प्रथम बंपरच्या वरची कड, मग टेललाइट एकेक करून, मग नंबरप्लेटचा दिवा आणि लॉक, मग झाकणाची कड, मागची काच, आणि शेवटी छत व एरियल. प्रत्येक जागी घड्याळ लावून पाच मिनिटं.

आई तिसऱ्याच मिनिटाला म्हणाली, "अगं, इथे काही नाही, पुढे जाऊ?" मी म्हटलं, "थांब जरा." आणि चौथ्या मिनिटाला डाव्या टेललाइटच्या खालच्या बोल्टपाशी निळी पूड काळी झाली. आधी टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका, मग थेंब, मग तो थेंब पत्र्याच्या घडीत शिरून दिसेनासा झाला आणि वीतभर पलीकडे खळग्याच्या काठावर बाहेर पडला. रबरावर ओतलेलं ते सिलिकॉन या जागेपासून हातभर लांब होतं.

एक जागा सापडली म्हणून थांबू नका. पूर्ण फेरी करा. आमच्याकडे काचेच्या उजव्या कोपऱ्याखालच्या जोडातूनही पाझर निघाला.

टेललाइटची दुरुस्ती घरी होते. आतून नट काढा, दिवा बाहेर ओढा, वायरची पिन सोडवा. मागचा फोम बहुधा भुगा झालेला असतो. तो दिव्यावरून आणि पत्र्यावरून पूर्ण खरवडा, स्पिरिटने पुसा. मग ब्युटाइलची काळी चिकट पट्टी दिव्याच्या कडेने सलग फिरवा आणि टोकं एकमेकांवर दाबा. ब्युटाइल कडक होत नाही, त्यामुळे पुढे बल्ब बदलायला दिवा परत काढता येतो. पट्टी थोडा वेळ उन्हात ठेवली की छान बसते. नट थोडे थोडे, आळीपाळीने आवळा. जोर केलात तर दिव्याचा जुना प्लॅस्टिकचा खिळा तुटेल आणि पूर्ण दिवा बदलावा लागेल.

पत्र्याच्या जोडाला वेळ द्या. जोडात भरलेलं भेगाळलेलं जुनं सीलंट टोकदार पट्टीने उकरा, तारेच्या ब्रशने गंज काढा, उरलेल्यावर गंज थांबवणारं द्रावण, मग प्रायमर, आणि तो सुकल्यावर पॉलियुरेथेनचं सीम सीलंट बोटाने दाबून भरा. वरून रंग. गंजलेल्या जागी टोचलेला पेचकस आरपार गेला तर मात्र हे घरचं काम नाही. पत्रा कापून वेल्डिंग करणाऱ्याकडे जा. काचेचं चिकटवलेलं सीलच सुटलं असेल तर काच काढून परत बसवणं हाच उपाय, वरून भरलेलं टिकत नाही.

रबराची परीक्षा सोपी आहे. वर्तमानपत्राची पट्टी कडेवर ठेवून झाकण लावा आणि ओढा. अडकत निघाली तर ठीक. सहज सरकली तर तिथे रबर दबून चपटं झालंय किंवा झाकण वर राहतंय. नवं घेण्याआधी लॉकचा आकडा किंचित खाली घेऊन बघा, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. नवं रबर लावायचंच असेल तर ताणून बसवू नका, पुढे आकसून जोड उघडतो. बोटभर जास्त ठेवून कापा. रबराबाहेरची पन्हळ साफ ठेवा. आमची गाडी आंब्याखाली असते. पानं आणि मोहर त्या पन्हळीत कुजून बांध घालतात आणि पाणी रबरावरून आत चढतं.

बंपरमागे, पत्र्याच्या आतल्या बाजूला, पातळ रबरी पडद्यांच्या जाळ्या असतात. त्या केबिनमधली हवा बाहेर सोडायला आहेत, बुजवू नका. बुजवल्या तर दरवाजे आपटल्याशिवाय लागत नाहीत आणि काचांवर वाफ धरते. जाळीची चौकट सैल असेल, तर ती काढून कडेने ब्युटाइल लावून परत बसवा. पडदे मोकळे हलले पाहिजेत.

सगळं झालं तरी कार्पेट लगेच घालू नका. पावसात ते उन्हाने सुकणार नाही. घरात टांगून टेबल फॅनसमोर दोन दिवस ठेवा, खालचा फोम पिळून बघा. डिकीत मात्र नुसतं वर्तमानपत्र पसरा आणि गाडी रोज वेगळ्या तोंडाने उभी करा, कारण उतारावर पुढचं चाक वर असताना पाणी एका वाटेने येतं आणि खाली असताना दुसऱ्या. मी आठ दिवस कागद ठेवला. दोन रात्री धो धो पाऊस झाला. नवव्या दिवशी कागद चुरगळून बघितला, कुरकुरीत होता. मग कार्पेट घातलं आणि आईला घेऊन तांदूळ आणायला गावी गेले.