कोल्हापुरात नवीन आलात आणि गहू चालत नाही? डब्याला हा रोल करा

मी जळगावची, कोल्हापुरात 14 वर्षं झाली. मला सीलिएक आहे, म्हणजे गहू-जवातल्या ग्लूटेनने आतडं बिघडतं असा आजार, त्यामुळे गहू आणि जव कायमचे बंद, रवा-मैदा-शेवया हे गव्हातच आलं. आपल्याकडची मुलं नोकरीला, शिकायला इकडे येतात, त्यातल्या कुणाला हाच त्रास असला की दुपारी केळी आणि चुरमुरे खाऊन दिवस काढतात, बघवत नाही. पीठ घरात असेल तर 20-25 मिनिटांत पोटभर रोल होतो.

आधी धान्य. दादर, म्हणजे आपली रब्बीची ज्वारी, त्या नावाने मागाल तर दुकानदार नुसता बघत राहील, इथे शाळू म्हणायचं, लक्ष्मीपुरीत चांगला मिळतो. आपली मंडळी गावाहून पोतंभर दादर मागवतात ते मला पटत नाही, शाळूची भाकरी तितकीच गोड लागते. चार वाट्या शाळूला एक वाटी सालासकट काळे उडीद, म्हणजे आपला कळणाच. नुसत्या ज्वारीची गुंडाळी करताना तडकते, उडदाच्या चिकटपणाने ती धरून राहते.

आता दळण, हे नीट वाचा. मी पहिलं सव्वा वर्ष कोपऱ्यावरच्या गिरणीतून ज्वारी दळून आणायची. गव्हाच्या मागोमाग माझं दळण पडायचं, जात्यात राहिलेलं गव्हाचं पीठ माझ्या पिठात यायचं आणि मी म्हणायची गहू तर सोडलाय मग पोट का बिघडतं, हिमोग्लोबिन का वाढत नाही. औषधं, परत तपासण्या, रजा, सगळ्यात मिळून घरगुती चक्कीचे पैसे कधीच गेले होते. गिरणीवाला म्हणेल झाडून देतो ताई, तरी नको. चक्की परवडत नसेल तर मिक्सरमध्ये थोडं थोडं दळा आणि बारीक चाळणीने चाळा, चाळणीही चपातीच्या पिठाची नको. गिरणीचं पीठ नको म्हणजे नको.

एक वाटी पाण्याला उकळी आणा, मीठ, चमचाभर तेल, वाटीभर पीठ टाकून ढवळा, गॅस बंद, 10 मिनिटं झाकण. ओल्या हाताने गरम असतानाच मळा, प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये लाटा, तव्यावर दोन्हीकडून शेका आणि लगेच फडक्यात झाका, उघडं राहिलं की कडक होतं. आत मोडाची मटकी कोरडी परतून, कांदा, काकडी, वर घट्ट दह्यात कालवलेला खर्डा. पातळ दही नको, दुपारपर्यंत रोल फुटतो.

इथे चटणी म्हणजे लाल कांदा-लसूण मसाला, चव अप्रतिम, पण विकतच्यात हिंग असेल तर विचारा, डबीतल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. मिसळीचा पाव सोडला म्हणजे झालं असंही नाही, फरसाणात मैदा असू शकतो.

कोल्हापूरकर जीव लावणारे, घरी गेलात की ‘एका चपातीनं काय हुतंय, खावा की ओ’ म्हणून आग्रह धरतात. लाजू नका, आजार आहे असं स्पष्ट सांगा, माझ्या शेजारच्या काकू आता माझ्यासाठी तांदळाची भाकरी वेगळ्या तव्यावर करतात.

आणि ज्यांना नुसती शंका आहे त्यांनी सगळ्या तपासण्या होईपर्यंत गहू बंद करू नका, आधीच सोडला तर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो.